घागरीची इर्जिक

होसूर, २४ मार्च २०२४

अक्षे,

व्हॉट्सअॅपवर मी पानभर लिहितो आणि तू खाली एक अंगठा दाखवतेस. म्हणून आजपासून मेल. चुलतभावाला मेलवर तरी चार ओळी लिहाव्या लागतील.

काल मायचा फोन आला. आवाज पार बसलेला. विचारलं तर म्हणे, "काय नाय रे, जरा उन्हात बसले होते." जरा म्हणजे सकाळपासून. वस्तीवर टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, आणि ड्रमपाशी माणूस दिसलं नाही की ड्रायव्हर गाडी वळवून निघून जातो. म्हणून बाया दिवसभर ड्रमांच्या रांगेत बसतात. आबा मेंढरं घेऊन पैठणच्या पलीकडं गेलेत, घरी माय एकटी. मागच्या आठवड्यात ती तिथंच चक्कर येऊन पडली. हे तिनं नाही सांगितलं, शेजारच्या कडुबानं सांगितलं.

आता मुद्द्याचं. खाली गावातल्या बायांना असं बसावं लागत नाही. त्यांच्या फोनवर 'घागर'चा मेसेज येतो, टँकर भरून निघाला म्हणून. मग त्या उठतात. घागर तुमच्या सिडकोतल्या त्या चिन्मयनं आणि त्याच्या मित्रांनी बनवलंय. फुकट आहे, आणि त्याचा कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. पण त्यात फक्त गावं आहेत. वस्त्या नाहीत. आपली वस्ती कागदावर गावातच धरलेली, आणि टँकर मात्र वेगळा, वेळ वेगळी.

घागरच्या पानावर मी हे तीनदा लिहिलं. चिन्मयचं उत्तर आलं, "बरोबर आहे तुमचं. पण करायला माणसं नाहीत."

तर माणसं तू जमव. तुझ्या बीसीएच्या वर्गातली, बाजूच्या कॉलेजातली. एक रविवार सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि हे काम उरकायचं. याला स्प्रिंट म्हणतात. ज्यांनी असं काम कधीच केलं नाही, अशीच पोरंपोरी बोलवायची. त्यांना शिकायला मिळतं, वस्तीला पाणी.

नववीतनं पळालेला हा मला काय शिकवतो, असं म्हणू नकोस. मला कोड लिहिता येत नाही, वाचला तर अर्धामुर्धा कळतो. पण भिवंडीला होतो तेव्हा फोनच्या कीबोर्डात एक मराठी अक्षर चुकत होतं, ते मी त्या लोकांना मोडक्या इंग्रजीत कळवलं. कुठल्या देशातला कोण माणूस, त्यानं दुरुस्त केलं आणि खाली माझं नाव टाकलं. हनुमान. एवढ्या नोकऱ्या केल्या, कुठं गेटपासशिवाय नाव लागलं नव्हतं. तेव्हापासून हे वेड आहे.

ऊन वाढायच्या आत कर.

हनुमान


संभाजीनगर, २८ मार्च २०२४

हनुमानदादा,

घे, अंगठा नाही दाखवला.

मी चिन्मयला भेटले. तू समजतोस तसा तो काही मोठा साहेब नाही. नोकरी करतो आणि रविवारी घागर बघतो. त्याच्याकडंही नळाला आठवड्यानं पाणी येतं, फक्त त्याच्या गच्चीवर टाकी आहे. तो म्हणाला, "स्प्रिंट घ्या, मी येतो. पण नवख्यांचा कोड आहे, प्रत्येक बदल कुणीतरी दुसऱ्यानं वाचल्याशिवाय मुख्य कोडात घ्यायचा नाही. हे चालू सॉफ्टवेअर आहे, लोक त्यावर घागरी घेऊन उठतात."

मी हो म्हटलं. पण दादा, मला भीती वाटते. मी स्वतःच कधी स्प्रिंट बघितली नाही. कोण येणार? वर्गातल्या पोरांना विचारलं तर पहिला प्रश्न, "सर्टिफिकेट आहे का?" दुसरा, "जेवण आहे का?"

आणि जागा नाही. कॉलेजचा हॉल निवडणुकीच्या कामाला गेलाय. घरी अण्णांना सांगितलं, तर ते गेले त्यांच्या ओळखीच्या नानासाहेबांकडं. जालना रोडला त्यांचं मंगल कार्यालय आहे. आधी तिथं ज्वारी होती, आता दोन्ही बाजूंनी प्लॉटिंगच्या पाट्या आहेत आणि मधे हे कार्यालय. नानासाहेब म्हणाले, "लग्नाची तिथी नाही त्या रविवारी घ्या. पण माझ्या मांडवातून कुणी उपाशी गेलं नाही पाहिजे." आता बोल. कोड लिहायला मंगल कार्यालय!

मोठ्या मायकडं मी शनिवारी जाऊन येते. तू तिला रोज फोन करून "सावलीत बस" म्हणतोस ना, ती वैतागलीय. म्हणते, "सावली काय खिशात घालून आणू?"

अक्षदा


होसूर, ४ एप्रिल २०२४

अक्षदा,

मंगल कार्यालय लई बेस. पंखे असतात, गाद्या असतात. वायर आणि बोर्ड मात्र आपले न्या.

झोप लागत नाही मला. या तामिळनाडूतल्या गोदामात शिफ्टभर फोन गेटवर जमा असतो. आत खोकी उचलताना डोक्यात एकच, आता टँकर आला असेल का, माय बसली असेल का, पडली तर कोण बघेल. बाहेर आलो की आधी फोनला पळतो. सुपरवायझर म्हणतो, "शादी हुआ क्या तेरा?"

तू घाबरतेस ते आलेली पोरं पळून जातील म्हणून. पोरं का पळतात सांगतो. मी एकदा दुसऱ्या एका सॉफ्टवेअरला मराठी शब्दांचा एक छोटा बदल पाठवला होता. तिथल्या एकानं त्यावर दहा चुका काढल्या. सगळ्या बरोबर असतील. पण मी परत त्या दारात गेलो नाही.

म्हणून यांना सांग की ही इर्जिक आहे. आठवतं ना, मुंजाबाकाकांची नांगरट राहिली तेव्हा वस्तीतली सगळी औतं त्यांच्या रानात आली होती? एका दिवसात रान उलथलं आणि संध्याकाळी सगळे पंगतीला बसले. कुणी काकांना विचारलं नाही, माझा नांगर खोल गेला का उथळ. आणि काकांनी बघितलंही नाही. मदतीला आलेल्याचं काम तपासणं म्हणजे त्याला घराबाहेर काढणं. आलेल्याचा हात धरायचा, आणलं ते घ्यायचं. चिन्मयला शहरात हे कळणार नाही. तू समजावून सांग.

फोनवर २१ तारीख म्हणालीस, ती नक्की ना? मायला सांगू का?

हनुमान


संभाजीनगर, २२ एप्रिल २०२४

हनुमानदादा,

झाली!

मी वीस जण धरले होते, त्याहून कितीतरी जास्त आले. करमाडचे आले, चितेगावहून कंपनीतली दोन पोरं पहिली पाळी बुडवून आली, फर्दापूरहून सुकेशनी नावाची एक मुलगी पहाटेच्या एसटीनं आली. तिच्या आईवडिलांचं लेण्यांच्या रस्त्याला चहाचं दुकान आहे. तिचा लॅपटॉप इतका जुना की चालू करून ती चहा पिऊन आली, तेव्हा कुठं पडदा उजळला.

नवरानवरीच्या त्या लाल खुर्च्यांवर कुणीच बसेना. शेवटी चिन्मयला एकीवर बसवलं आणि सगळे "दुसरी कुणासाठी?" म्हणून ओरडायला लागले. तो कानापर्यंत लाल. दुपारी नानासाहेबांनी खरोखर पंगत बसवली. वांग्याची भाजी, बुंदी, आग्रह. जेवल्यावर निम्मे गादीवर आडवे आणि तरी लॅपटॉप पोटावर.

मी सुरुवातीलाच तुझं इर्जिकीचं सांगितलं. एकदम हवा बदलली बघ. ज्यांनी नुसती नोंदवही उघडून ठेवली होती, तेही लिहायला लागले. संध्याकाळपर्यंत वस्ती जोडायचं काम तुकड्यातुकड्यानं सगळ्यांनी केलं.

एक झालं. चिन्मय पाच वाजता म्हणाला, "आता आठवडाभर हे वाचू, मग घेऊ." पोरांची तोंडं उतरली. सुकेशनीला तर परतीची एसटी गाठायची होती, ती बॅग भरायला लागली. मग मी चिन्मयशी वाद घातला. म्हटलं, यांच्यासमोर आज घेतलं नाही तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही. त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "स्प्रिंट तुझी आहे. वस्तीच्या भागाचा ताबा तुला देतो. तू ठरव."

मी सगळे बदल घेतले. एकेक घेतला की टाळ्या. सगळ्यांची नावं घागरच्या पानावर लागली.

येत्या गुरुवारपासून वस्तीवर मेसेज चालू. मोठ्या मायला फोनवर वाचून दाखवला नमुना. म्हणाली, "म्हणजे आता बसायचं नाही?" मी म्हटलं, "नाही. मेसेज आला की उठायचं."

रात्री मात्र उगाच दोनदा उठून घागरचं पान उघडून बघितलं. थकल्यामुळं असेल.

अक्षदा


होसूर, ६ मे २०२४

अक्षदा,

दोन मेल टाकले, उत्तर नाही. फोन केला की कट करतेस आणि "क्लासमध्ये आहे" लिहितेस. सुट्टीत कसला क्लास?

मायला विचारलं मेसेज येतो का. म्हणे, "येतो, येतो, तू जेवलास का?" ती असं बोलायला लागली की समजायचं, काहीतरी लपवतेय.

काल कडुबाला फोन लावला. त्यानं सगळं सांगितलं. टँकर वस्तीवर येऊन गेला आणि ड्रमपाशी कुणीच नव्हतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, थांबला आणि वळवला. बाया घरात होत्या, मेसेजची वाट बघत! दुसऱ्या दिवशी माय घागर घेऊन खालच्या विहिरीवर गेली आणि पायरीवरून घसरली. हात प्लॅस्टरमध्ये. माझी माय, आणि मला कडुबा सांगतो!

मी घागर उघडून बघितलं तर वस्तीचा भागच नाही. काढून टाकलाय. तुमच्या सगळ्यांच्या नावांसकट.

समजलं मला. गावं ठेवली, वस्ती उडवली. त्या चिन्मयला पहिल्यापासून नको होतं. सिडकोत बसून यांना धनगरवाड्याचं काय? मला जे वाटलं ते मी घागरच्या पानावरच लिहून टाकलंय, त्याच्या नावानं, सगळ्यांना दिसेल असं. सौम्य लिहिलेलं नाही.

तू त्यांच्या बाजूनं असशील तर तसं सांग. मग नाही लिहिणार.

हनुमान


संभाजीनगर, ८ मे २०२४

दादा,

वस्तीचा भाग चिन्मयनं नाही काढला. मी काढला.

नीट वाच. स्प्रिंटला दोघांनी एकच काम वेगवेगळं लिहिलं होतं. एकानं वस्तीला तिचा स्वतःचा टँकर जोडला. दुसऱ्या तुकड्यात, पहिल्याचं ठाऊक नसताना, वस्ती गावाच्या टँकरला जोडली गेली. दोन्ही तुकडे आपापल्या जागी चालत होते. एकत्र आले तेव्हा गावाचा टँकर निघाला की वस्तीला मेसेज जायला लागला, आणि दिवसाचा एक मेसेज गेला की घागर गप्प. त्या मेसेजवर बाया ड्रमपाशी जाऊन रिकाम्या परतल्या, आणि वस्तीचा टँकर खरंच निघाला तेव्हा घागर गप्पच राहिली. कुणी एकानं जरी दोन्ही शेजारी ठेवून वाचले असते तरी दिसलं असतं. मी वाचले नाहीत. टाळ्या वाजत होत्या.

आधी बाया ड्रमपाशी बसून असायच्या, त्यामुळं पाणी तरी मिळायचं. आपण त्यांना उठवलं.

मला कळलं त्या दिवशी मी तो भाग बंद केला आणि वस्तीवर गेले. मोठ्या मायच्या मनगटाचं हाड चिरलंय, डॉक्टर म्हणाले जुळेल. तिनंच शपथ घातली, "पोराला कळवू नको, नोकरी सोडून येईल, त्याला निमित्तच पाहिजे असतं." म्हणून तुझा फोन घ्यायची हिंमत होत नव्हती. अण्णा आता रोज मोटारसायकलवरून दोन कॅन नेऊन देतात तिला. बाकीच्या बाया परत उन्हात.

आणि तू पानावर लिहिलंस ते. चिन्मयनं वाचलं. स्प्रिंटला आलेल्या सगळ्यांनी वाचलं. त्याच्या आईनं, नीरजाकाकूंनीही वाचलं म्हणे. तो मला एवढंच म्हणाला, "शिव्या मराठीत दिल्या ते बरं केलं, बाहेरच्यांना कळल्या नाहीत." हसला नाही पण. त्यानं मला अजून एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

आता परत करायचं तर त्याच पोरांना बोलवावं लागेल. कुठल्या तोंडानं? तुमचं काम काढून टाकलं, आता परत या? आपणच सांगितलं होतं ना की आलेल्याचं काम कुणी बघत नाही?

अक्षदा


होसूर, ९ मे २०२४

अक्षे,

पानावरचं मी खोडलं नाही. खोडलं तर लपवल्यासारखं दिसेल. त्याखालीच लिहिलं, माझं चुकलं, चिन्मयभाऊ, आणि का चुकलं ते. तिथं 'भाऊ' दोनदा खोडलं, पण लिहिलं.

तिकीट काढलं होतं मी, उद्याचं. मायला सांगितलं. ती म्हणाली, "ये. येऊन काय करशील? माझ्याशेजारी उन्हात बसशील." तिकीट रद्द केलं.

इर्जिकीचं तू नाही बोललीस, मी बोललो होतो. रान उथळ नांगरलं तर काकांचं एक पीक कमी येतं, दुसऱ्याची माय विहिरीवर घसरत नाही. हा फरक मला इथं खोकी उचलताना कळला, लई उशिरा.

तू पोरांना फोन कर. एकेकाला. शिव्या देतील, ऐकून घे. मी इथून काही करू शकत नाही, याचंच डोकं फिरतं. खोकी उचलतो, उतरवतो, चुकीच्या रॅकला ठेवतो. परवा सुपरवायझरनं विचारलं, "घर में सब ठीक?" मी म्हटलं, "पता नहीं."

लवकर लिही. अंगठा दाखवलास तरी चालेल.

हनुमान


संभाजीनगर, २० मे २०२४

हनुमानदादा,

केले फोन. काहींनी उचलले नाहीत. एक म्हणाला, "ताई, सर्टिफिकेट परत घेणार का?" चितेगावचा एक म्हणाला, "आमच्या कंपनीत तपासल्याशिवाय एक नट बाहेर जात नाही, मला त्या दिवशीच नवल वाटलं होतं." मग तेव्हा का नाही बोललास, विचारलं. "तुम्ही म्हणालात इर्जिक आहे. कसं बोलणार?"

सुकेशनीला सगळ्यात शेवटी लावला, कारण तीच चुकीचा तुकडा लिहिणारी. मी कितीतरी वेळ गोल गोल बोलत होते. ती मधेच म्हणाली, "ताई, माझं चुकलं होतं का?"

मी हो म्हटलं.

"मग सांगायचं ना. त्या दिवशी तुम्ही न वाचताच घेतलं. एसटीत बसल्यावर मला रडू आलं. एवढ्या लांबून आले, दिवसभर डोकं फोडलं, आणि कुणी बघितलंसुद्धा नाही की ही पोरगी काय लिहून गेली."

आणि आपल्याला वाटत होतं, दादा, आपण मान देतोय!

काल परत बसलो. यावेळी कार्यालय नाही, वस्तीवरच, समाजमंदिराच्या ओट्यावर. कमी आले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण सुकेशनी पहिली. चिन्मयनं नियम केला, आपलं लिहिलेलं आपण नाही, शेजाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं आणि तो तुकडा काय करतो ते साध्या भाषेत सांगायचं. सांगता आलं नाही तर परत लिहायचं. सुकेशनीनं चिन्मयचाच तुकडा वाचला आणि म्हणाली, "सर, हे मला नाही कळलं." तिसऱ्यांदा लिहिलं त्यानं. पोरं काय खूश!

मोठी माय प्लॅस्टरचा हात झोळीत घालून सगळं बघत होती. कडुबाच्या बायकोला, भामाबाईला म्हणाली, "हे एकमेकांच्या चुका काढायला एवढ्या लांबून आलेत?" भामाबाई म्हणाली, "आपण फुकटात काढतो." मग आम्ही खोटा टँकर सोडून बघितला, म्हणजे नुसता कोडात. आधी गावाचा. वस्तीतला एकही फोन वाजला नाही. मग वस्तीचा. सगळे एकदम वाजले. तीनदा केलं. बाया हसायला लागल्या.

पण खरं सांगते, कुणाचा विश्वास नाही. मोठी माय म्हणाली, "एकदा उठलो होतो तुमच्या सांगण्यावरनं." एवढंच ठरलं की पहिल्या फेरीला एकजण ड्रमपाशी बसेल, बाकीच्या ओट्यावर सावलीत थांबतील.

तुझाही नंबर मी वस्तीच्या यादीत घातलाय. टँकर निघाला की तुलाही कळेल. मेसेज गेलाच नाही तर मला लगेच सांग. मला भीती वाटते रे अजून.

अक्षदा


होसूर, २३ मे २०२४

अक्षदा,

आज सुट्टी होती. कपडे धुवत होतो तर फोन वाजला. "टँकर भरून निघाला. तुमच्या वस्तीकडे येत आहे." फेसाच्या हातानं धरला.

एक मोठी खोट आहे घागरमध्ये, पानावर नोंदवतोच. निघाला एवढंच कळतं. पोचला ते कळत नाही. मधल्या वेळात माणसानं काय करायचं? मी खोलीत गेलो, बाहेर आलो, परत गेलो. खोलीतला ओडिशाचा पोरगा म्हणाला, "भाई, बैठ जा." कसा बसू? वाटेत पंक्चर झाला असेल. परत गावातच वळला असेल. कोडात परत काही राहिलं असेल.

मायला फोन लावला. उचलेना. परत लावला. उचलेना. कडुबाला लावला, तो उचलेना. भामाबाईचा बंद. तुला लावला तर तू 'व्यस्त'. अख्खी वस्ती एकदम कुठं गेली? मला विहिरीच्या पायऱ्या दिसायला लागल्या.

पाचव्यांदा का सहाव्यांदा, मायनं उचलला. मागं इतका गोंगाट की तिचा आवाज येईना.

"माय! टँकर आला का?"

"कोण हाय?"

"मी, हनुमान! टँकर आला का?"

"अरे आलाय ना! पाणी भरायलोत, एका हातानं कुठं कुठं बघू? ठेव फोन!"

तिनं ठेवला नाही. ठेवायला जमलं नसेल एका हातानं. तसाच कनवटीला खोचला असेल. मीही ठेवला नाही.

ऐकत बसलो. गीताबाई आणि भामाबाईचं भांडण चाललं होतं, कुणाचा ड्रम आधी. ड्रायव्हर म्हणत होता, "ओ मावशी, नळी सोडा." पाणी ड्रममध्ये पडत होतं. रिकाम्या ड्रमचा आवाज पोकळ असतो, ढोलासारखा. मग हळूहळू तो जड होत गेला, बारीक होत गेला, आणि थांबला.

मग माय कुणालातरी म्हणाली, "भरला. आता तिचा लावा."